पेनड्राइव्ह खऱ्या कंप्युटरला दिसतो, आतल्या विंडोजला दिसत नाही: दर वेळचं रडगाणं आणि मला लागू पडलेले उपाय

मंडळी, महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा हाच मेसेज येतो की व्हर्च्युअलबॉक्समध्ये (म्हणजे खऱ्या कंप्युटरच्या आत दुसरा खोटा कंप्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनं विंडोज टाकलं, सगळं झकास चालतंय, पण पेनड्राइव्ह लावला की काहीच होत नाही. दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझं कशासाठी चालतं ते सांगतो म्हणजे संदर्भ कळेल. आमचा छोटा छापखाना, डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे आणि साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, एकदोन दिवाळी अंक. पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली, त्याही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरात उघडल्या तर मराठीच्या जागी नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ. त्यामुळे विंडोज ९८ आणि एक्सपी ही दोन्ही म्हातारी व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाळून ठेवलीयेत. गेल्या वर्षी एका पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव होता, स्मरणिकेसाठी त्यांना सगळे जुने अहवाल हवे होते, आणि ते होते झिप डिस्कवर (ती काय चीज ते पुढे सांगतो), फ्लॉपीवर आणि दोनचार घासलेल्या सीड्यांवर. तेव्हा या सगळ्या भानगडीत मी पुरता बुडालो.

मला जे कळायला दोन आठवडे लागले ते आधी सांगतो. पेनड्राइव्ह एका वेळी एकाचाच असतो. होस्ट म्हणजे तुमचा खरा कंप्युटर, तो घरमालक, आणि गेस्ट म्हणजे आतलं जुनं विंडोज, तो पाहुणा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत तसं एका पेनड्राइव्हवर दोघांचा ताबा राहत नाही, घरमालकाने सोडला तरच पाहुण्याला मिळतो. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात. डिव्हायसेस मेनूत यूएसबी मध्ये जाऊन पेनड्राइव्हच्या नावावर टिक केली की होस्टच्या धिस पीसी मधून तो गायब होतो, आणि लोक घाबरतात की पेनड्राइव्ह उडाला. उडाला नाही, पाहुण्याकडे गेलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघितलंत तर तिथे तो व्हर्च्युअलबॉक्स यूएसबी अशा नावाने बसलेला दिसेल.

आता टिक केली आणि डिव्हाइस बिझी आहे, नंतर प्रयत्न करा असा एरर आला तर त्याचा अर्थ घरमालकाने अजून हात सोडलेला नाही. बहुतेक वेळा एक्सप्लोररची विंडो उघडी असते, नाहीतर अँटीव्हायरस आत शिरून स्कॅन करत बसलेला असतो, किंवा पेनड्राइव्हवरचीच एखादी फाइल वर्डमध्ये उघडी असते. सगळं बंद करा, होस्टमधून रीतसर इजेक्ट करा, काढा, दहापर्यंत आकडे मोजा, परत लावा. तरीही तेच होत असेल आणि व्हर्च्युअलबॉक्स नुकताच टाकला किंवा अपडेट केला असेल तर खरा कंप्युटर एकदा रीस्टार्ट करा, कारण होस्टमध्ये बसणारा त्याचा यूएसबी ड्रायव्हर कधीकधी त्याशिवाय जागा होत नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर एक अख्खा रविवार वाचला असता.

होस्ट लिनक्स असेल तर आणखी एक गंमत. मेनूत यूएसबीची यादीच रिकामी येते, एकही डिव्हाइस नाही. तिथे तुमचं यूजर नाव व्हीबॉक्सयूजर्स नावाच्या ग्रुपमध्ये टाकावं लागतं, आणि टाकल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं. दुसरा भाग लोक हमखास विसरतात आणि मग "ग्रुपमध्ये टाकलं तरी होत नाही दादा" म्हणून परत विचारतात.

दर वेळी मेनूत जाऊन टिक करायचा कंटाळा येत असेल तर फिल्टर लावा. मशीनच्या, म्हणजे आतल्या खोट्या कंप्युटरच्या, सेटिंगमध्ये यूएसबी मध्ये अधिकच्या चिन्हावर क्लिक करून पेनड्राइव्ह निवडला की व्हेंडर, प्रॉडक्ट, सीरियल नंबर सगळं आपोआप भरलं जातं, आणि पुढे तो पेनड्राइव्ह लावला की थेट पाहुण्याकडे. एकाच मॉडेलचे चार पेनड्राइव्ह असतील तर सीरियल नंबरची जागा रिकामी करा म्हणजे चारही चालतील. पण सगळ्याच जागा रिकाम्या ठेवून फिल्टर करू नका! मी केला होता, म्हटलं काहीही लावलं तरी चालेल. रिकाम्या फिल्टरचा अर्थच मुळी "दिसेल ते सगळं घे" असा होतो, त्यामुळे मशीन चालू केल्या केल्या माझा खरा यूएसबी माउस आणि कीबोर्ड दोन्ही आतल्या विंडोज ९८ ने पळवले आणि मी समोर हात चोळत बसलो. शेवटी पॉवरचं बटण दाबून ठेवलं.

पुढचा घोळ कंट्रोलरचा, म्हणजे आतल्या मशीनला कुठल्या प्रकारचे यूएसबी पोर्ट द्यायचे त्याचा. सेटिंगमध्ये यूएसबी १.१, २.० आणि ३.० असे तीन पर्याय दिसतात आणि माणूस साहजिकच सगळ्यात मोठा आकडा निवडतो. चूक. विंडोज ९८ ला १.१ च द्या, एक्सपीला २.० द्या. विंडोज ७ मध्ये सुद्धा मुळात ३.० चा ड्रायव्हर नसतो, तो वेगळा टाकावा लागतो, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह घेऊन बसतो. उलट बाजूनेही फसगत होते, मशीनला नुसतं १.१ दिलेलं असताना नवा वेगवान पेनड्राइव्ह जोडायला गेलं की यूएसबी पोर्टच नाहीत अशा अर्थाचा एक लांबलचक एरर येतो. पोर्ट आहेत, पण त्या वेगाचा नाही असं त्याला म्हणायचं असतं. माझ्याकडे १.१ वर जुने छोटे पेनड्राइव्ह तेवढे चालले, नव्यांनी हाच एरर दिला. १.१ वर वेगही बैलगाडीचा असतो, सेकंदाला जेमतेम एक एमबी, पण पेजमेकरच्या फाइली असून असून किती मोठ्या असणार.

व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती ७ च्या आधीची असेल तर २.० आणि ३.० साठी एक्स्टेन्शन पॅक वेगळा टाकावा लागायचा आणि त्याची आवृत्ती मूळ सॉफ्टवेअरशी तंतोतंत जुळावी लागायची. मूळ अपडेट केलं आणि पॅक जुनाच राहिला की काल चालणारा पेनड्राइव्ह आज बंद. ७.० पासून हे कंट्रोलर मूळ सॉफ्टवेअरमध्येच आलेत, त्यामुळे जुन्या कंप्युटरवर जुनीच आवृत्ती ठेवणाऱ्यांनी तेवढं तपासा.

आणि हो, कंट्रोलर बदलायला गेलात आणि सगळं राखाडी दिसतंय, क्लिकच होत नाही, तर तुमचं मशीन बंद नाहीये, सेव्ह करून झोपवलेलं आहे. आतलं विंडोज नीट शटडाउन करा, मग बदलता येतं. हा प्रश्न मला किमान पाच जणांनी विचारलाय.

आता समजा पेनड्राइव्ह पाहुण्याकडे पोहोचला, टुणकन आवाज पण आला, तरी माय कंप्युटरमध्ये दिसत नाही. विंडोज ९८ असेल तर यात काही नवल नाही, त्याच्यात पेनड्राइव्हचा ड्रायव्हरच नाही. तेव्हा प्रत्येक पेनड्राइव्हच्या पाकिटात ड्रायव्हरची छोटी सीडी यायची, आठवतंय का? विंडोज एमई आणि २००० पासून तो आतच येऊ लागला. ९८ च्या सेकंड एडिशनसाठी हौशी लोकांनी बनवलेला एन-यूएसबी नावाचा एकत्रित ड्रायव्हर आहे, त्याने बहुतेक पेनड्राइव्ह चालतात. टाकायच्या आधी आधीचे यूएसबीचे अर्धवट ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमधून काढून टाका, मशीनचा स्नॅपशॉट घ्या (म्हणजे आत्ताची स्थिती जपून ठेवा, बिघडलं तर परत येता येतं) आणि मगच टाका. विंडोज एनटी ४ वाल्यांनी नादच सोडा, त्याला यूएसबी हा प्रकारच माहीत नाही.

आणि सगळ्यात धोक्याची जागा. पेनड्राइव्ह दिसतो, अक्षर पण येतं, डबल क्लिक केलं की विंडोज म्हणतं ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का. नाही म्हणा. हात आवरा. तुमचा पेनड्राइव्ह बिघडलेला नाही, त्याची लिपी, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, पाहुण्याला वाचता येत नाही इतकंच. ३२ जीबीच्या वरचे पेनड्राइव्ह आणि कार्ड बऱ्याचदा कारखान्यातूनच एक्स-फॅटमध्ये येतात. ९८ ला एक्स-फॅटही कळत नाही आणि एनटीएफएसही नाही, त्याला फॅट१६ किंवा फॅट३२ च हवं. एक्सपीला एनटीएफएस कळतं पण एक्स-फॅटसाठी वेगळा अपडेट लागतो. डॉस ६.२२ ला फॅट३२ सुद्धा कळत नाही आणि त्याचं पार्टिशन २ जीबीच्या वर जात नाही. माझा उपाय साधा आहे, कपाटातला जुना २ जीबीचा एक पेनड्राइव्ह याच कामाला राखीव ठेवलाय, फॅट१६ मध्ये, वर चिकटपट्टी लावून "म्हातारा" असं लिहिलंय. घरात कुणी त्याला हात लावत नाही.

काढतानाही शिस्त हवी. पेनड्राइव्ह गेस्टकडे असताना मेनूतली टिक काढली तर आतल्या विंडोजच्या दृष्टीने तुम्ही तो ओढूनच काढला. आधी आत सेफली रिमूव्ह, मग टिक काढा, मग हाताने काढा. एकदा घाईत एका अहवालाची ताळेबंदाची पानं मी अशीच घालवली, फाइलचं नाव होतं पण आत शून्य केबी.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल की हे रोज कोण करणार, आणि तुमचं बरोबर आहे. मी स्वतः आता पेनड्राइव्ह थेट जोडायचं जवळपास सोडून दिलंय. एक्सपीमध्ये व्हर्च्युअलबॉक्सचं जोडसॉफ्टवेअर गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकून शेअर्ड, म्हणजे दोघांना दिसणारा, फोल्डर करा, विषय संपला. ९८ साठी गेस्ट अ‍ॅडिशन्स नाहीतच, म्हणून तिथे मी व्हीएचडी, म्हणजे हार्डडिस्कचं सोंग घेणारी एक फाइल, वापरतो. होस्ट विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक ठरावीक आकाराची, म्हणजे फिक्स्ड साइजची, ५०० एमबीची व्हीएचडी फाइल बनवा, एमबीआर (जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) करून फॅटमध्ये फॉरमॅट करा. होस्टमध्ये ती अटॅच केली की ड्राइव्हसारखी दिसते, हवं ते त्यात टाका, मग डिटॅच करा आणि तीच फाइल व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरी हार्डडिस्क म्हणून लावा. आतलं ९८ तिला साधी आयडीई डिस्क समजतं, ना ड्रायव्हर ना कटकट. फाइली परत आणायच्या असतील तर मशीन बंद करा, होस्टमध्ये अटॅच करा. थोडक्यात फाइलचाच पेनड्राइव्ह. फाइल विंडोजमधूनच बनवा म्हणतोय कारण दुसरीकडे बनवलेली असली तर कधीकधी ती स्पार्स (रिकामी जागा गाळून साठवलेली) किंवा कॉम्प्रेस्ड निघते आणि विंडोज अटॅच करायला नकार देतं. आणि म्यान-तलवारीचा नियम इथे दुप्पट लागू! मशीन चालू असताना तीच फाइल होस्टमध्येही अटॅच करायला जाऊ नका. दोघांनी एकदम लिहिलं तर फॅटचा चिवडा होतो, आणि त्यातून काही वेचता येत नाही.

नुसतं आत न्यायचं असेल, परत आणायचं नसेल, तर त्याहून सोपं म्हणजे फायलींची एक आयएसओ, म्हणजे सीडीची फाइलरूपी नक्कल, बनवून सीडी ड्राइव्हमध्ये लावा.

व्हीएमवेअर (व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी पटकन, तिथे रिमूव्हेबल डिव्हायसेस मध्ये कनेक्ट हा पर्याय असतो, आणि यादी रिकामी असेल तर होस्टच्या सर्व्हिसेसमध्ये यूएसबी आर्बिट्रेशन सर्व्हिस चालू आहे का बघा, बंद पडलेली असते. ८६बॉक्स या जुन्या कंप्युटरची नक्कल करणाऱ्या एमुलेटरमध्ये खरा पेनड्राइव्ह जोडायची सोयच नाही, तिथे इमेजच, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत काढलेली नक्कल.

डॉसबॉक्सची (जुने डॉसचे प्रोग्रॅम नव्या कंप्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) गोष्ट वेगळी आहे आणि ती मामांच्या दुकानामुळे शिकलो. मामांचं खत-बियाण्याचं दुकान, बिलिंग अजून फॉक्सप्रोवर, डॉसवालं. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका पोराने लिहून दिलेलं, तो पोरगा आता कुठे आहे माहीत नाही पण प्रोग्रॅम ठणठणीत आहे. तो रोज संध्याकाळी बॅकअप फक्त ए ड्राइव्हलाच घेतो, दुसरं अक्षर त्याला चालतच नाही. डॉसबॉक्समध्ये माउंट कमांडने पेनड्राइव्हवरचा एक फोल्डर ए म्हणून लावून दिला आणि चाललं. मग दर चार दिवसांनी फोन, "बाळ्या, ए ड्राइव्ह गेला रे." कारण दोन निघाली. एक म्हणजे विंडोज पेनड्राइव्हला आज ई देतं, उद्या एफ, आणि डॉसबॉक्सच्या ऑटोएक्झेकमध्ये (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडींच्या यादीत) मी ई लिहिलेलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पेनड्राइव्हला पी हे अक्षर कायमचं देऊन टाकलं, पी म्हणजे पेन, दुसरं कुणी पी मागत नाही. दुसरं कारण, मामा आधी डॉसबॉक्स उघडायचे आणि मग पेनड्राइव्ह लावायचे. माउंट करताना पेनड्राइव्ह जागेवर हवा. मधेच काढून दुसरा लावला किंवा बाहेरून त्यात फाइल टाकली तर आत जुनीच यादी दिसत राहते, कारण डॉसबॉक्स फोल्डरची यादी लक्षात ठेवून बसतो. कंट्रोल आणि एफ४ दाबा नाहीतर रीस्कॅन कमांड द्या, ताजी यादी येते.

आणखी एक, माउंट करताना फ्लॉपी असा प्रकार लिहिला तर आतल्या प्रोग्रॅमला नेहमी १.४४ एमबीचीच जागा दिसते, पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. मामांचा बॅकअप तीन एमबीचा, त्यामुळे डिस्क फुल. फ्लॉपी हा शब्द काढून साधा फोल्डर म्हणून माउंट केलं आणि मिटलं. फाइलींची नावं मात्र आठ अक्षरं अधिक तीन यातच ठेवा, मराठीत नाव दिलेला फोल्डर आत ओळखू येणार नाही.

आता झिप. नव्या पोरांनी पाहिलं नसेल, आयोमेगा कंपनीचा, १९९५ च्या सुमाराला आलेला, १०० एमबीची जाडसर डिस्क. एका जुन्या मित्राकडे यूएसबीवाला झिप ड्राइव्ह माळ्यावर मिळाला. तो थेट ९८ च्या मशीनला जोडायचे मी तीन दिवस हाल काढले, कधी दिसायचा, कधी मधेच तुटायचा. मग अक्कल आली की जोडायचाच कशाला, लिनक्सवर इमेज काढू. एक गोष्ट ध्यानात ठेवा, पीसीच्या झिप डिस्कवर पार्टिशन पहिल्या नाही तर चौथ्या नंबरवर असतं, म्हणजे लिनक्समध्ये ड्राइव्हला एसडीबी नाव मिळालं असेल तर एसडीबी१ शोधत बसाल तर सापडणार नाही, एसडीबी४ बघा. पण इमेज काढताना चार नंबरची काढू नका, अख्ख्या एसडीबीची काढा, कारण पार्टिशनच्या आधीचे ३२ सेक्टर आणि त्यातलं पार्टिशन टेबल नसेल तर एमुलेटरला ती डिस्क कळत नाही. १०० एमबीच्या अख्ख्या डिस्कची इमेज बरोबर १०,०६,६३,२९६ बाइटची भरते. कमी भरली तर काहीतरी सुटलंय. ही इमेज ८६बॉक्समध्ये झिप ड्राइव्ह बनवून त्यात टाका, नाहीतर लिनक्समध्येच माउंट करून फाइली काढून घ्या, मी दोन्ही केलं.

झिप ड्राइव्ह टिक-टिक-टिक असा आवाज करायला लागला तर डिस्क ताबडतोब बाहेर काढा आणि त्या ड्राइव्हमध्ये दुसरी चांगली डिस्क घालून "बघूया तरी" करू नका. बिघडलेला ड्राइव्ह डिस्क खराब करतो आणि तशी खराब झालेली डिस्क पुढच्या चांगल्या ड्राइव्हचं डोकं बिघडवते, साथीच्या रोगासारखं. अकरापैकी दोन डिस्क आम्ही अशाच गमावल्या.

फ्लॉपीचंही तेच तत्त्व. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह गेस्टला जोडायच्या नादाला लागू नका, होस्टवर इमेज काढा आणि ती आत लावा. इमेज १४,७४,५६० बाइटची असली पाहिजे, म्हणजे ५१२ बाइटचे २८८० सेक्टर. फ्लॉपीवर वाचता न येणारे सेक्टर असतील तर साधी कॉपी तिथेच रडत बसते, डीडीरेस्क्यू वापरा, तो आधी चांगला भाग उचलतो आणि मग वाईट भागावर परत परत प्रयत्न करतो. एक फ्लॉपी मी पुसून, उलटसुलट करून चार वेळा चालवली, चौथ्यांदा पूर्ण आली.

पतसंस्थेचे अहवाल १९९७ पासूनचे निघाले, मधलं एक वर्ष सोडून. त्या एका वर्षी काम दुसऱ्या प्रेसकडे मॅकवर झालं होतं आणि फ्लॉप्या ८०० केबीच्या आहेत. त्या यूएसबी ड्राइव्हमध्ये वाचताच येत नाहीत, कारण मॅकचा तो जुना ड्राइव्ह डिस्क वेगवेगळ्या वेगाने फिरवून लिहायचा, पीसीचा तसा फिरतच नाही, तिथे कुठलाही एमुलेटर काही करू शकत नाही. चौदा फ्लॉप्या अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत. कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी भागात कुणाकडे फ्लॉपीवाला जुना मॅक चालू अवस्थेत असेल तर सांगा, मी स्वतः घेऊन येतो.